उलट्या बाजूला तिरक्या खुणा

माझा थोरला भाऊ तोंडात तंबाखूचा पाइप धरून म्हशीची धार काढायचा. कसबा बावड्यात ते बघायला माणसं गोठ्याशी मुद्दाम थांबत. "बघा पावणं, साहेब धार काढत्यात," म्हणत. दादाला त्यात गंमत वाटे. चाळीस वर्षं त्यानं तंबाखू मळून गालात धरली आणि घराच्या भिंती रंगवल्या. शेवटी वहिनीनं जेवण वाढायचं बंद करीन म्हणून दम भरला, तेव्हा त्यानं हा तोडगा काढला. "ह्यात थुंकायला लागत न्हाय," म्हणाला.

माझं लेथचं वर्कशॉप, म्हणून पाइप निवडायला मला घेऊन गेला. धार काढायला दोन्ही हात लागतात, तेव्हा पाइप नुसत्या दातांवर टिकला पाहिजे, एवढीच त्याची अट. दुकानदारानं तीन पाइप काढले. सरळ दांडीचे दोन मी लगेच बाजूला सारले. वजन सगळं पुढं, धरणार दात, म्हणजे जबडा दुखणारच. वाकड्या दांडीचा मात्र हनुवटीशी लोंबतो, दातांवर भार कमी येतो. दादानं तो डाव्या दाढांत धरला आणि दुकानातच दोन्ही हातांनी हवेत धार काढून दाखवली. पाइप जागचा हलला नाही. माझी छाती फुगली.

वर्षभर बरं चाललं. मग दिवाळीच्या सुमारास दादा वर्कशॉपात आला. "धाकल्या, डाव्या अंगाला टोचतंय. जरा घास की."

मी दांडीच्या टोकाचा डावा कोपरा कानशीनं उतरवला, पॉलिश पेपर मारला. महिन्यानं तो परत आला. मग पुन्हा. दरवेळी तेच, डावीकडं टोचतंय. मी दरवेळी थोडं थोडं उतरवत गेलो आणि वर त्यालाच चिडवलं, "तुला पाइप नको, सुई पायजे." तो हसला, पण ओठ न उघडता.

कुठलाही झिजलेला भाग हातात आला की मी आधी त्यावरच्या खुणा बघतो. ताण कुठं येतो ते त्या सांगतात. पाइप डाव्या दाढांत धरला की दातांच्या खुणा एका बाजूला तिरक्या पडतात, उजव्या दाढांत धरला की उलट बाजूला. चौथ्या खेपेला मला दिसलं, जुन्या खुणा पॉलिशमध्ये गेल्या होत्या आणि नव्या सगळ्या उलट्या तिरक्या होत्या. म्हाताऱ्या माणसाची सवय बदलली असेल, असं म्हणून मी पुन्हा डावा कोपराच घासला. इतका मूर्ख मी आयुष्यात कधी नव्हतो.

उन्हाळ्यात एका रविवारी त्याच्याकडं जेवायला गेलतो. वहिनीनं तांबडा रस्सा वाढला. दादानं एक घोट घेतला आणि वाटी सरकवली. "लई झोंबतंय."

आमच्या घरात हे वाक्य आजवर कुणी बोललं नव्हतं. वहिनीनं आत जाऊन पातेल्यातला रस्सा चाखला. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "नेहमीचाच हाय की," म्हणाली.

पाइप खिडकीत ठेवला होता. माझी नजर तिकडं गेली आणि घास हातातच राहिला. दादा पाइप उजवीकडं धरत होता, तरी तो त्याला डावीकडं टोचत होता. जिथं पाइप नव्हताच, तिथं तो टोचणार कसा?

"दादा, तोंड उघड."

"जेव गप."

"उघड म्हणतोय न्हवं!" थोरल्या भावावर मी पहिल्यांदाच ओरडलो. भीतीनं ओरडलो.

त्यानं तोंड उघडलं. दोन बोटांच्या वर उघडेना. डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा होता आणि त्यात लाल, चिरलेली जखम.

"ठाऊक हाय मला," दादा हळू आवाजात म्हणाला. "तू पाइप घासून द्यायचास, तवा बरं वाटायचं. वाटायचं, खोड पाइपाचीच हाय."

दुसऱ्या दिवशी मी त्याला दवाखान्यात नेलं. निघताना पाइप खिशात घातला, का ते मलाच कळलं नाही. डॉक्टरांनी बॅटरी लावून गाल पाहिला, बोटानं चाचपला. मला त्यांच्या तोंडाकडं बघवेना.

"किती दिवस झाले?" त्यांनी लिहिता लिहिता विचारलं.

"आठ-धा दिवस," दादा म्हणाला.

"दिवाळीपासून," मी म्हणालो.

त्यांचं पेन थांबलं. "तुम्हाला कसं माहीत?"

मी खिशातला पाइप काढून त्यांच्या टेबलावर ठेवला. त्याचा डावा कोपरा मी घासून घासून कागदासारखा केला होता.