कुसुमताईंचा शाळेतला फोटो

माझ्या विहिणीला स्वतःचा लहानपणचा चेहरा माहीत नव्हता.

कुसुमताई. माझ्या जावयाची, सिद्धार्थची आई. त्यांना जाऊन आज वर्ष झालं.

गेल्या वर्षी सप्टेंबरात आम्ही दोघी विहिणी एकाच वेळी अमेरिकेत, क्युपर्टिनोला होतो. एरवी मुलं, म्हणजे माझी मुलगी गौरी आणि सिद्धार्थ, आम्हाला आळीपाळीने बोलावतात. एक आली की दुसरी निघते. पण कुसुमताईंचं नागपूरला ऑपरेशन ठरलं होतं आणि त्याआधी त्यांना नातीजवळ, इराजवळ राहायचं होतं.

आजार कुठला ते घरात सगळ्यांना माहीत होतं. नाव कोणी घेत नव्हतं.

दुपारी मुलं ऑफिसला आणि इरा शाळेत गेली की त्या खिडकीपाशी बसून इरासाठी फ्रॉक शिवायच्या. हाताने. पोपटी रंगाचा, पांढऱ्या कॉलरचा, फुग्याच्या बाह्यांचा. औषधांनी बोटं बधिर झालेली, सुई सारखी निसटायची. मी दोरा ओवून देते म्हटलं तर तेही करू देत नसत.

"पिक्चर डेसाठी आहे. गौरीला सांगू नका, सरप्राइज आहे," एवढंच म्हणायच्या.

पिक्चर डे म्हणजे शाळेत फोटोग्राफर येतो तो दिवस. प्रत्येक मुलाचा वेगळा फोटो.

मी कॉन्व्हेंटमध्ये वाढलेली, मला असल्या दिवसाचा भारी उत्साह. आदल्या संध्याकाळी मी इराची नखं कापली, बूट पुसले, पांढरेशुभ्र मोजे काढून ठेवले. इरा म्हणाली, "आजी, फीट आर नॉट इन द पिक्चर."

मी म्हटलं, नसू देत. मोजे स्वच्छच हवेत.

सकाळी इरा फ्रॉक घालून किचनमध्ये आली आणि गौरी डबा भरता भरता थांबली.

"आई, हिरवं नाही चालणार."

गौरी आम्हा दोघींनाही आईच म्हणते. आम्ही दोघींनी एकदमच वर पाहिलं.

शाळेत ग्रीन स्क्रीन असते, तिने सांगितलं. मुलांच्या मागे हिरवा पडदा लावतात आणि नंतर कॉम्प्युटरवर जे जे हिरवं दिसेल ते पुसून तिथे आकाश नाहीतर झाडं टाकतात. कपडे हिरवे असले तर तेही पुसले जातात. शाळेने तसं कळवलंही होतं.



कुसुमताईंनी इराला स्टुलावर बसवलं आणि केस विंचरायला घेतले. तेल लावून, चापून. मधोमध भांग. दोन वेण्या, वर दुमडून लाल रिबिनी. वेणीचा प्रत्येक पेड आधीच्यापेक्षा घट्ट. इरा ओठ मिटून बसली होती. एरवी कंगवा लागला की घर डोक्यावर घेणारी पोर.

निघायची वेळ होत आली होती. गौरी हळू आवाजात समजावत होती. हा फ्रॉक बर्थडेला घालू, आज निळा टॉप घालू दे, मी फोनवर हवे तेवढे फोटो काढून देते. मीही मध्ये बोलले, नियम आहे तर आहे कुसुमताई, आपण काय करणार.

त्यांनी रिबिनीची गाठ मारली.

"सगळे म्हणतात, इरा माझ्यावर गेली. मी कशी दिसत होते ते मला ठाऊकच नाही. आमच्या शाळेत एकदाच फोटोवाला आला. आईने असाच फ्रॉक शिवून दिला होता. मास्तर म्हणाले, तुमच्या वस्तीतल्या पोरी तिकडे निंबाखाली बसा. फोटो झाला की बोलावतो."

त्यांनी दोन्ही रिबिनींची टोकं सारखी केली.

"फोनवरचा नको होता. शाळेतला बघायचा होता. जाऊ दे. इरा, बदल बेटा कपडे."

गौरीने निळा टॉप घडी करून परत ठेवला. फ्रॉकवर नेव्ही ब्लू स्वेटर चढवला. इराला बजावलं, तुझा टर्न आला की सगळी बटणं लाव. गळ्याशी पांढरी कॉलर दिसेल तेवढीच.

कुसुमताईंनी मान डोलावली. गाडीचं दार बंद होईपर्यंत त्या ती कॉलर सारखी करत होत्या.

फोटो यायला ऑक्टोबर उजाडला. तोवर कुसुमताई नागपूरला होत्या, हॉस्पिटलमध्ये. ऑपरेशन झालं होतं, पण डॉक्टरांनी सिद्धार्थला फोनवर जे सांगितलं त्यात आशेला फारशी जागा नव्हती.

रोज एकच विचारायच्या. फोटो आला का?

गौरीने लॅपटॉप उघडला आणि मला नि सिद्धार्थला हाक मारली.

निळं आकाश. त्यात इराचा चेहरा, दोन लाल रिबिनी आणि अधांतरी पांढरी कॉलर. फ्रॉकच्या जागी ढग.

स्वेटर तिने काढून ठेवला होता. विचारलं तर म्हणाली, "आजी वॉन्टेड टु सी द फ्रॉक."

तिला कोण काय बोलणार?

गौरी म्हणाली, रिटेक डे असतो, पुन्हा काढू. तोवर हा पाठवू नकोस.

"तोवर?" सिद्धार्थ म्हणाला.

त्याने फोटो पाठवला.

व्हॉट्सअ‍ॅपवर दोन निळ्या खुणा आल्या. मग काहीच नाही. आम्ही तिघं टेबलाभोवती त्या फोनकडे बघत बसलो. गौरीने दोनदा फोन करायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

शेवटी त्यांचाच आला. सिद्धार्थ घाईघाईने सांगायला लागला, आई, ते ग्रीन स्क्रीनमुळे झालं, सॉरी, आपण परत…

"फ्रॉकचं काय घेऊन बसलास? चेहरा आलाय ना."

मग बराच वेळ त्या नुसत्या श्वास घेत होत्या. आम्हाला वाटलं, रडताहेत.

"कान जरा मोठेच होते रे माझे," त्या म्हणाल्या. आणि हसल्या.

रिटेक काढू नका म्हणाल्या. आम्ही नाही काढला. थोड्याच दिवसांत त्या गेल्या.

कुसुमताई, फार गोड दिसत होतात तुम्ही.

तुमच्या विहिणीचं तुम्हाला मनापासून वंदन.