झिजलेल्या शाफ्टचं माप

घानातल्या कुमासी शहरात, गॅरेजांच्या सुआमे वस्तीत आमच्या नाटकमंडळीची गाडी दुरुस्तीला जायची, तेव्हापासून मी अडुसेईला ओळखतो. काय हात होता त्याचा! चौतिशी आली तरी तो शागीर्दच होता. उस्ताद न्यार्कोच्या जुन्या लेथचे गिअर बाजारात मिळेनासे झाले, तेव्हा उस्ताद म्हणाला, "नवा संच कर, मग डोक्यावर पावडर टाकतो." पावडर पडली की शागीर्द मोकळा. अडुसेईला टेचिमान गावी स्वतःचं दुकान काढायचं होतं.

त्याने नऊ गिअर केले. भोकातल्या खाचा लेथच्या झिजलेल्या शाफ्टच्या मापाने कापल्या, म्हणून ते घट्ट बसले. गल्लीने टाळ्या पिटल्या. शेजारच्या मिस्त्रीने स्वतः मूळ मापाने केलेला गिअर घालून पाहिला, तो डुगडुगला.

"म्हणजे तुझेच चालतात होय रे?" न्यार्को हसला.

"शाफ्ट नवा करू, उस्ताद. मग कुणाचेही चालतील."

"कशाला रे? तू आहेस ना!"

उस्तादाने बाहेर काढलेला पावडरीचा डबा पुन्हा कपाटात ठेवला. अडुसेई शाफ्टकडे बघत राहिला. तो आणखी झिजणार होता, आणि दर खेपेला माप त्यालाच नव्याने घ्यावं लागणार होतं.