वरच्या खोलीतली विमानं

आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या लातूरच्या सरांइतका संशयी माणूस साऱ्या नांदेडात नव्हता, आणि मी स्वतः काही भोळी नाही. दूधवाल्यासमोरच ते दूध हुंगत, कुलूप लावून जिन्यातून तीनदा परत जात, आणि केळी अर्धापूरची म्हटली की केळेवाल्याला त्याच्या शेताची वाट विचारत. मीही त्यांच्यावर नजर ठेवून होते, कारण त्यांच्याकडे रोज नवी माणसं चढत आणि तासाभराने हसत उतरत. एक दिवस मी सरळ वर गेले.

पडद्यावर हिरवे ठिपके सरकत होते. ती विमानं, पण खोटी. कोणतं वर न्यायचं, कोणतं खाली, हे कॉम्प्युटर सुचवायचा. माणसाने ‘मान्य’ नाहीतर ‘अमान्य’ दाबायचं. मधूनमधून सरांनी मुद्दाम चुकीचा सल्ला पेरला होता. माणूस ती चूक पकडतो का, एवढ्यावर त्यांची पीएचडी अडली होती, आणि कागद द्यायला महिनाच उरला होता.

“मावशी, कुणीच चूक पकडून न्हाई राहिलं,” ते म्हणाले. “सगळ्यांनी विमानं एकमेकांवर घातली. माणसं फितूर हायेत का मशीन, कळंना.”

त्यांनी चहा विचारला. मी कुणाकडचा चहा घेत नाही. तशीच पडद्यापुढे बसले, आणि तिसऱ्याच सल्ल्याला ‘अमान्य’ दाबलं.

“कसं कळलं?”

“डोळ्यांनी. समोरून दुसरं येतंय की. बाकीच्यांनाही दिसलं असंल, पण तुम्ही आधी चहा पाजता. चहा पिऊन तुमच्याच मशीनला खोटं कोण म्हणंल?”

त्यांना पटेना. मग मी खालच्या किराणावाल्या अण्णांना हाक मारली. तेही खेळून गेले होते.

“हाव, दिसलं की,” अण्णा म्हणाले. “पण सर लई भले. बिस्किटंबी दिली. त्यांच्या मशीनचा अपमान कशाला करायचा?”

सरांनी चहाचं पातेलं गॅसवरून उतरवलं. मग सगळ्यांना पुन्हा बोलावलं, आणि चहा शेवटी दिला. आता माणसं चुका पकडू लागली. अण्णांनी तर मशीनला मूर्खसुद्धा म्हटलं. कागद वेळेत गेले.

लातूरला नोकरी लागली तेव्हा सरांनी खोलीला कुलूप लावून किल्ली माझ्या हातात दिली. मी चहा टाकला. तो त्यांनी न हुंगता प्यायला आणि बसस्टँडकडे निघाले. कुलूप बघायला परत येतील म्हणून मी दारातच थांबले. आले नाहीत.