विरजणाची वाटी

आज पेट्रोल पंपावर कुणाच्या तरी गाडीतून डिझेल सांडलं आणि तो वास नाकात शिरताच मला कळमन्याचं ट्रकचं गॅरेज आठवलं. कॉलेजात असताना तिथल्या डिझेल मुरून काळ्या पडलेल्या जमिनीत आम्ही तेल खाणारे जिवाणू सोडले होते. पुढे मे महिन्यात लाइट गेली, फ्रिज बंद पडला आणि प्रयोगशाळेत जपून ठेवलेले तेच जिवाणू मेले. वर्षाची मेहनत गेली म्हणून मी रडकुंडीला आले. शेवटी भर उन्हात तोंडाला ओढणी बांधून गॅरेजवर गेले आणि मालकीणबाईंना म्हटलं, "काकू, आमचे जंतू मेले. तुमच्याकडे टाकलेले जिवंत असतील, मूठभर माती द्या ना." काकू खो-खो हसल्या. "असं सांग ना वं, विरजण मांगाले आली!" त्यांनी स्टीलची वाटी आणली, सावलीतली ओलसर माती तिच्यात भरली आणि बजावलं, "वाटी वापस आणजो, पण रिकामी नको आणू." ती माती मी फ्लास्कमध्ये पाणी आणि थोडं डिझेल घालून ठेवली. काही दिवसांनी वरचा डिझेलचा तवंग फुटला, खालचं पाणी ताकासारखं पांढुरकं झालं, म्हणजे जिवाणू पुन्हा वाढले होते, आणि मी प्रयोगशाळेतच नाचले. मग वाटी लख्ख घासली, संत्रा बर्फीने भरली आणि परत नेली. काकूंनी एक तुकडा उचलून निरखला. "ह्यात तुहे जंतू तं नाही ना वं?" माझ्या उत्तराची वाट न बघता तो त्यांनी गट्ट केला आणि डिझेलचा वास येणाऱ्या त्याच हाताने दुसरा माझ्या तोंडात कोंबला. आज पंपावर सगळे नाकाला रुमाल लावून उभे होते. माझ्या तोंडाला मात्र पाणी सुटलं.