देवरावच्या क्लचला बांधलेलं दार

सक्करदऱ्याच्या तलावाकडून आमच्या गल्लीत शिरलं की डाव्या हाताला तिसरं घर देवरावचं. माणूस सव्वापाच फुटांचा, पण मोटारीत बसला की सहा फुटांचा वाटायचा, कारण बुडाखाली दोन उश्या घ्यायचा. ड्रायव्हर नागपुरात पुष्कळ होते, पण देवराव गाडीशी बोलायचा, आणि तेही अहोजाहो करून. चढ लागला की म्हणायचा, "चाला बाई, थोडंच राहिलं." बायकोला मात्र कधी अहो म्हटलं नाही. त्यावरून गोपिकावहिनींनी एकदा दोन दिवस अबोला धरला होता. ते जाऊ द्या, ती गोष्ट वेगळी.

सत्याहत्तर सालचं सांगतो. धरमपेठेतल्या वामनराव वकिलांच्या काळ्या मोटारीवर देवराव लागला, त्याला जेमतेम चार महिने झाले होते. वकील सज्जन, पण गाडीच्या बाबतीत कडक. आधीच्या दोन ड्रायव्हरांना त्यांनी एकाच कारणाने काढलं होतं: न विचारता गाडी बाहेर नेली. त्यातल्या एकाने तर नुसती पानठेल्यापर्यंत नेली होती. देवराव त्याआधी आठ महिने घरी बसून होता. ही नोकरी गेली की पुन्हा मालट्रक, रायपूरच्या खेपा आणि महिना महिना बायकोचं अन् आईचं तोंड दिसायचं नाही. हे सारं त्याला पाठ होतं.

तरी त्याने गाडी नेली. काहून नेली, ते ऐका.

त्या साली धोंड्याचा महिना श्रावणात आला होता. दर तीन वर्षांनी हा अधिकचा महिना येतो आणि त्यात जावयाला सासरी बोलावून जेवू घालतात, वर वाण देतात. वाण जाळीचं पाहिजे. अनारसे द्या, बत्तासे द्या, अंगावर भोकं असली पाहिजेत, आणि नग तेहतीस. तेहतीसच का, हे मी कधी विचारलं नाही. जेवण चांगलं असलं की माणूस शास्त्रात खोल जात नाही.

देवरावची सासुरवाडी खाप्याची. सासरे रामाजी मागावर लुगडी विणायचे. लग्नात देवराव ट्रकवर क्लीनर होता आणि मांडवात कुणीतरी बोललं होतं, पोरगी तेलकट हाताच्या माणसाला दिली. ते त्याच्या मनात सहा वर्षं सलत होतं. वकील कामासाठी अकोल्याला गेलेले, रविवारी पाचच्या गाडीने येणार होते.

"सकाळी निघू, दोनले वापस," तो मला म्हणाला. "स्टेशनावर पाचले उभा. गाडी थोडी बोलनार हाय साहेबाशी?"

"तूच तिच्याशी बोलतोस गा, तिचा काय भरवसा?" मी म्हणालो. पण जेवणाचं आमंत्रण मलाही होतं, म्हणून जास्त ताणलं नाही. रविवारी सकाळी गोपिकावहिनींना घेऊन आम्ही निघालो.

खाप्याच्या बाजारातून वळताना पायाखाली 'टण्ण' असा आवाज झाला. क्लचचं पेडल खाली गेलं ते वर येईना. उन्हात बसलेल्या म्हशीसारखं तिथेच पडून राहिलं. पेडल वर ओढणारी स्प्रिंग तुटली होती. देवरावने चप्पल काढली, पायाचा अंगठा पेडलखाली घातला आणि प्रत्येक वेळी ते अंगठ्याने उचलत गाडी सासऱ्याच्या दारी लावली. सगळा मोहल्ला गाडी पाहायला आला, आणि हा बिचारा लंगडत उतरला.

जेवण कसलं जेवतो! पुरणाचे धोंडे पानात, आणि याचा डोळा भिंतीवरच्या घड्याळावर. हात धुतला आणि आम्ही मिस्त्री शोधायला निघालो. मोटारचा मिस्त्री खाप्यात एकच, तो धोंड्यासाठी सासरी रामटेकला गेलेला. सायकलवाला सासरी मौद्याला. लोहाराचं दुकानही बंद, तोही कुणाचा तरी जावईच. त्या रविवारी खाप्याचे सगळे कामाचे हात आपापल्या सासरी जेवत होते, आणि गावात उरले होते बाहेरगावचे जावई, नवे कोरे धोतर-टोपी घातलेले, पोट भरलेले, बिनकामाचे. ते सगळे गाडीभोवती जमले. सल्ल्याला तोटा नव्हता.

"पेडलले दोर बांधा," काटोलचा एक जावई म्हणाला. त्याचं नाव नत्थू. "तुमी दाबा, बाजूच्यानं वढा."

बाजूचा म्हणजे मी. देवराव म्हणाला "सोडा", मला ऐकू आलं पण हात ऐकेना. मी दोर सोडायच्या जागी ओढला. गाडीने बेडकासारखी उडी मारली आणि रामाजींनी वाळत घातलेलं निळं सूत चाकाला गुंडाळून घेतलं.

"तुमी जेवनानंतर झोपत असान ना, भाऊ?" देवराव कपाळावर हात मारून म्हणाला. "मंग झोपाच."

तीन वाजले होते. नत्थू पाणी प्यायला घरात गेला आणि पाठीमागे आवाज झाला. धाड!

ते रामाजींचं जाळीचं दार. माश्या येऊ नयेत म्हणून बारीक तारेची जाळी ठोकलेलं, आणि आपोआप बंद व्हावं म्हणून त्याला हातभर लांब, पीळदार स्प्रिंग. गल्लीत असं दार दुसरं नव्हतं. देवराव त्या दाराकडे बघत राहिला. पोरगी बघायला आला होता तेव्हाही त्याचा चेहरा असाच झाला होता, हे मला रामाजींनी कानात सांगितलं.

"मामी," तो सासूला म्हणाला, "एक मागू काय?"

आता सासूची, म्हणजे तुळसाबाईंची, कथा अशी की ती सकाळपासून रडकुंडीला आलेली. अनारसे तुपात पडताच हसले. सगळे विरघळून कढईत गाळ झाला. तेहतीस सोडा, एक अनारसा शाबूत नव्हता. जावई दारी आणि वाणाला जाळी नाही! त्यात जावई स्वतःच्या तोंडाने काही मागतो आहे.

"मागा ना जवाईबापू, जीव मागा!"

"दाराची स्प्रिंग पायजे."

तुळसाबाईंचा चेहरा पडला. "स्प्रिंग? तिले जाळी कुठी हाय? धोंड्याच्या दिवशी जावयाले बिनजाळीचं देऊ? गावात काय म्हनतीन मले?"

"मामी, मले उशीर होऊन राहिला."

"दार घेऊन जा!" तुळसाबाई एकदम उजळल्या. "अख्खं दार! त्याले जाळीच जाळी हाय."

"दार कशाले, मामी? नुसती स्प्रिंग..."

"अन् नग तेहतीस पायजेत," रामाजी मध्येच बोलले आणि जाळीची भोकं मोजू लागले. तेहतीस भोकं एका वितीच्या आतच भरली. "बाकीचं फुकट," ते समाधानाने म्हणाले.

दार बिजागरीतून उतरवलं. चौकटीकडचा स्प्रिंगचा आकडा सुटला, दाराकडचा तसाच राहिला. देवरावने पक्कड लावली, तर तुळसाबाईंनी त्याचा हात धरला.

"वाण मोडता? आमच्या घरची रीत हाय, वाण जावयाच्या उंबरठ्याआत जाईपर्यंत सोडत नाहीत, तोडत नाहीत. माझ्या आत्यानं वाटेत अनारसा खाल्ला तं तिची म्हैस आटली."

देवरावने गोपिकावहिनींकडे पाहिलं. वहिनी म्हणाल्या, "माय म्हनते तं खरंच असन. अन् मले आत्याची म्हैस आठवते."

साडेतीन. आता एक सांगा, स्प्रिंग दाराला आणि दार अखंड, मग क्लचचं काय? देवराव दोन मिनिटं डोकं धरून बसला आणि मग उठला. दार गाडीच्या टपावर आडवं बांधलं. स्प्रिंगच्या मोकळ्या आकड्याला दोर, दोर खिडकीतून आत आणि त्याचं दुसरं टोक पेडलला. पेडल दाबलं की दोर ताणला जाई, स्प्रिंग ओढली जाई, पाय सोडला की पेडल वर. सगळ्या गावच्या जावयांनी वाहवा केली. तुळसाबाईंनी खुर्चीवर चढून दाराला हळदकुंकू लावलं, ओवाळलं, आणि वर दिवाही ठेवायला निघाल्या. तो मी हात जोडून मागे घ्यायला लावला. टाकीत पेट्रोल होतं हो!

दार काही घट्ट बसलं नव्हतं. क्लच दाबला की टपावर थोडं उचललं जाई आणि सोडला की आपटे. म्हणजे पहिला गिअर, धाड. दुसरा गिअर, धाड. पाटणसावंगीत म्हशींचा कळप आडवा आला तेव्हा आमच्या डोक्यावर इतके आवाज झाले की म्हशीच रस्ता सोडून शेतात गेल्या. एक म्हातारा सायकलवरून उतरून टपाकडे पाहत म्हणाला, "कोन हाय गा वर? उघडा ना त्याले!"

आम्ही स्टेशनवर पोचलो तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. वामनराव वकील हातात बॅग घेऊन बाहेर उभे. त्यांनी गाडी पाहिली, टपावरचं हळदकुंकवाचं दार पाहिलं, चाकाला गुंडाळलेलं निळं सूत पाहिलं, आणि चष्मा काढून पुसला.

देवराव खाली उतरला. वाटेत त्याने चार बहाणे जुळवले होते, ते मी ऐकले होते. एकही बोलला नाही. "न इचारता नेली साहेब. खाप्याले, धोंड्याले."

"ठीक आहे," वकील शांतपणे म्हणाले. "उद्यापासून येऊ नकोस. आता मला घरी सोड."

"सोडतो साहेब, पन आधी सक्करदऱ्याले जाव लागते. वाण माझ्या उंबरठ्याआत गेल्याबिगर सुटत नाही."

वकिलांनी टांगे बघितले. एकही रिकामा नव्हता, सगळ्यांत जावई आणि त्यांची वाणं. ते निमूट मागे माझ्या शेजारी बसले. प्रत्येक आवाजाला मान आत घेत होते.

घरी देवरावच्या आईने, सिंधूताईंनी, वाणावर पाणी ओवाळलं. दार उंबरठ्याच्या आत गेलं, स्प्रिंग सुटली. देवराव ती घेऊन गाडीकडे वळला.

"कुठी नेऊन राहिला?"

"गाडीत बसवतो माय. साहेबाले घरी जायचं हाय."

"अन् तू?"

"मले काढलं."

म्हातारीने स्प्रिंग त्याच्या हातातून काढून पदराखाली घेतली. "जावयाचं वाण हाय. जावई जिथी, वाण तिथी."

"बाई, मी विकत घेतो," वकील म्हणाले.

"वाण इकत नाहीत."

"मग उसनं द्या."

"उसनंही देत नाहीत. तुमी शिकेल मानसं, तुमाले मीच सांगू?"

"हे पाहा, उद्या दुकानातून नवी स्प्रिंग आणतो. आजच्यापुरती..."

"दुकान कितीले उघडते?"

"दहाला."

"अन् कोर्ट?"

सोमवारी दहाला वकिलांची सुनावणी होती आणि त्यांना स्वतःला गाडी चालवता येत नव्हती. "बरं," ते म्हणाले, "महिनाभर ठेवतो त्याला."

"धोंडा तीन वर्षांनी येते साहेब. नवं वाण आलं की मंग हे जुनं झालं. तोवर पोरगा अन् स्प्रिंग संगंच राहतीन."

"तीन वर्षं?"

"मी काय जास्त मागून राहिली?"

वकिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं. "ठीक आहे," ते म्हणाले. "पुढच्या धोंड्यापर्यंत."

मग देवराव पाठीवर पडून गाडीखाली शिरला. तुटलेल्या स्प्रिंगचा आकडा पेडलच्या भोकात अडकला होता, तो पक्कडीने ओढून काढला. दाराची जरा लांब भरली, म्हणून दुहेरी करून बसवली. आकडा भोकात जाईना, तेव्हा सुतळीचा फास टाकून ताणला. वर पेडल धरायला माणूस पाहिजे होता. मला हात लावायला त्याने सक्त मना केलं. शेवटी वामनराव वकील कोट घालून गाडीत वाकले आणि दोन्ही हातांनी पेडल धरलं.

"दाबा साहेब. सोडा. अजून दाबा."

पेडल टुणकन वर आलं. वकिलांनी ते पुन्हा दाबलं, पुन्हा आलं. सात-आठ वेळा दाबून पाहिलं आणि कुणी पाहत नाही असं समजून हसले.

मग मागे जाऊन बसले आणि एकदम कडक झाले. "उद्या नऊला ये. आणि देवराव, यापुढे गाडी कुठे न्यायची असली तर..."

"इचारीन, साहेब."

"विचारू नकोस. विचारलंस की मला नाही म्हणावं लागतं. नुसतं सांगून जा."