तळ्यात पोरं होती आणि पाईप ताठ झाला

गेल्या रविवारी नांदूरघाटच्या अलीकडे एका तळ्यावर माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. आता कुठे जरा निवांत झाले, म्हणून लिहायला बसले.

माझा धाकटा भाऊ ओंकार पुण्यात नोकरी करतो. मालवणला जाऊन स्कूबा डायव्हिंग शिकून आलाय आणि तेव्हापासून साहेबांना पाणी दिसलं की चैन पडत नाही! त्याच्या ग्रुपने ठरवलं, आपल्या भागातल्या एखाद्या तळ्याच्या तळातला कचरा काढायचा. ओटीच्या साड्या, मूर्तींचे तुकडे, तुटकी जाळी, बाटल्या... वरून तळं निळंशार आणि खाली नुसता उकिरडा.

सगळी जमवाजमव आली माझ्या गळ्यात. पाटोद्यात माझं मेडिकल आहे, ओळखी गावोगाव आणि तोंड फटकळ. पोहता मात्र अजिबात येत नाही... त्यामुळे आपलं राज्य काठावरच!

सेफ्टीच्या बाबतीत मी कुणाचं ऐकलं नाही. एकट्याने उतरायचं नाही, प्रत्येक जोडीला काठावरून दोरी, आणि दोरीला लागोपाठ हिसके बसले की हातातलं सगळं सोडून वर यायचं. ॲम्ब्युलन्सही आणून उभी केली होती.

खरी धास्ती होती ती मोटारींची. तळ्यात शेतकऱ्यांनी पाणबुडी मोटारी सोडलेल्या, आणि बऱ्याच जणांनी ऑटो बसवलेले. म्हणजे लाईट आली की मोटार आपोआप सुरू! एखाद्या वायरीतून पाण्यात करंट उतरला तर... पुढचं बोलायलाच नको.

म्हणून आदल्या दिवशी काठावर ज्यांचं शेत आहे त्या बप्पांच्या ओसरीत बैठक घेतली. सगळे शेतकरी आले, आतून चहा आला, ऑटो बंद ठेवायचं ठरलं. बप्पांनी तर छातीवर हात ठेवून सांगितलं, "ताई, तुमी म्हणताल तवर येक बी मोटार चालू व्हणार न्हाई." मी निर्धास्त झाले.

रविवारी सकाळी ओंकार आणि त्याची डायव्हिंगमधली जोडीदार स्नेहा पाण्यात उतरले. खाली हातभर अंतरावरचंही दिसत नव्हतं म्हणे. पहिली गोणी वर आली तेव्हा काठावर जमलेल्या गावकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. गोणीतून साड्यांचा लगदा निघाला, त्याचा वास अजून नाकातून जात नाही. दोघं परत खाली गेले.

शेतीची लाईट दुपारी यायची होती, ती सकाळीच आली. आम्हाला काय पत्ता? मला कळलं ते एवढंच, की माझ्या पायाजवळ लोळागोळा पडलेला मोटारीचा काळा पाईप एकदम उसळला आणि पाण्याने ताठ झाला.

अगं आई गं... मी जी किंचाळले! दोरी धरलेल्या मुलाने धडाधड हिसके दिले. मोटार बंद करा म्हणून एकच ओरडा झाला आणि बप्पा धोतर सावरत स्टार्टरकडे पळाले.

पण डायव्हरला झटकन वर येता येत नाही, सावकाशच यावं लागतं. पाण्यावर नुसते बुडबुडे... पाण्याला हात लावायचीही सोय नाही. आत माझा भाऊ, आणि मी काठावर उभी.

आधी स्नेहाचं डोकं वर आलं, मग ओंकारचं. तोंडातली नळी काढून म्हणतो कसा, "काय झालं गं अक्का?" काठावर येताच मी त्याला आधी धपाटा घातला आणि मग घट्ट मिठी मारली. जीव भांड्यात पडला.

भीती गेली तशी तळपायाची आग मस्तकात गेली. कुणी चालू केली मोटार? आज सोडायचंच नाही म्हणत स्टार्टरपाशी गेले.

तिथे बप्पांच्या बायको, कौसल्यामावशी, तोंडावर पदर घेऊन उभ्या होत्या. शेजारी जेमतेम तळ ओला झालेला हौद, पेटलेली चूल, वर पाण्याचं पातेलं.

"लेकरं गारठून येतील म्हणून अंघोळीला पाणी भरीत होते गं बाई... मोटार लावायची न्हाई म्हणून मला कुणी सांगितलंच न्हाई."

बप्पांनी मान खाली घातली. ऑटो बंद असला म्हणून काय झालं? शेतातला स्टार्टर दिवसभर दाबतं कोण? बायकाच की! आणि त्याच ओसरीत बसून मी मावशींच्या हातचा चहा प्यायले, सगळ्या पुरुषांकडून कबुली घेतली... पण बाई असून आतल्या बाईला बाहेर बोलावलं नाही.

वायरमनला बोलावून डीपीवरचे, म्हणजे तिथल्या ट्रान्सफॉर्मरचे, फ्यूज काढायला लावले, तेव्हाच पुढचा डायव्ह झाला. काठावरच्या सगळ्या बायकांना मी स्वतः जाऊन सांगून आले. मावशी तर डीपीखालीच ठाण मांडून बसल्या, म्हशी ओरडल्या तरी उठल्या नाहीत.

निघताना त्यांनी माझा हात धरला. "बाई, माझ्या हातनं दोन लेकरं गेली असती गं..."

म्हटलं, मावशी, तुमच्या नाही, माझ्या हातून गेली असती. मग आम्ही दोघी रडलो, अगदी मन मोकळं होईस्तोवर. आणि ती दोन्ही लेकरं गरम पाण्याने अंघोळ करून, मावशींच्या ओट्यावर बसून पिठलं-भाकरी हाणत होती... देवा, तुझे लई उपकार!