कोरडे तांदूळ

माझ्या सासऱ्यांइतका शंभर वर्षं उशिरा जन्मलेला माणूस अख्ख्या विक्रोळीत दुसरा नव्हता. कागदोपत्री ते एका कारखान्यात टाइमकीपर होते आणि ऐंशी-एक्क्याऐंशीच्या सुमारास निवृत्त झाले. मनाने मात्र ते कोकणातल्या आपल्या गावचे पोलीस पाटील होते. हे पद त्यांचं नव्हे, त्यांच्या पणजोबांचं. पणजोबा राणीच्या राज्यात पलटणीत हवालदार होते, समुद्रापार लढून पदक घेऊन आले आणि सरकारने त्यांना गावची पाटीलकी दिली. पणजोबा गेले, राणी गेली, सरकार गेलं. ही बातमी सासऱ्यांपर्यंत पोहोचवायला तेवढी कुणाला सवड झाली नाही.

रोज संध्याकाळी खाकी अर्धी चड्डी चढवून, हातात वेताची काठी घेऊन ते चाळीच्या गॅलरीतून गस्त घालत. जिन्यात पाऊल वाजलं की "कोण ता?" हा सवाल ठरलेला, मग ती स्वतःची बायको का असेना. "मी असंय. भाजी घेवन इलंय," सासूबाई खालूनच ओरडत. "येव काय भितुर, की चौकशी करतलास?" पणजोबांच्या लढाईची गोष्ट सांगायला त्यांना निमित्त लागत नसे, आणि ती कधी तीच राहत नसे. माझ्या साखरपुड्याला पणजोबा एका उंटाच्या आडून लढत होते. आमच्या मुलीच्या बारशापर्यंत तो उंट त्यांनी शत्रूकडून पळवून आणलेला होता. पुढेपुढे तर उंट आपणहून पलटणीत भरती झाला.

पण पाटीलकीचं खरं हत्यार म्हणजे तांदूळ. काही चोरीला गेलं की पणजोबा संशयितांना रांगेत बसवून चिमूटभर कच्चे तांदूळ चावायला लावत आणि कागदावर थुंकायला सांगत. चोराचं तोंड भीतीने सुकतं, म्हणून त्याचे तांदूळ कोरडे निघतात, असा तो न्याय. सासऱ्यांनी तो जसाच्या तसा चाळीत आणला होता. बादली हरवो, चेंडू हरवो, तांदळाची बरणी बाहेर निघे. एकदा सत्यनारायणाच्या पूजेत कुणाची तरी नवी कोरी चप्पल गेली, आणि कोरडे तांदूळ निघाले नेमके भटजींचे! बिचाऱ्यांचा सकाळपासून कडक उपास. चाळ हसून लोळत होती, पण सासऱ्यांनी स्वतः उठून त्यांना तांब्याभर पाणी दिलं आणि तपास तिथेच बंद केला. हे सगळं मला लग्नानंतर कळलं. आधी कळलं असतं तर मी त्या घरी पोहे खायला गेलोच नसतो.

गेलो तो मामाबरोबर. मी तेव्हा मुलुंडला राहणारा ज्युनियर क्लार्क, मिशी धरून वजन पंचेचाळीस किलो. नकार इतके पचवले होते की मामाने जिन्यातच दम दिला, "हे शेवटचं हां. इथे वाट लावलीस, तर पुढचे पोहे तुझे तू करून खा." सासऱ्यांनी मला खाटेवर बसवलं, उंटाची प्राथमिक ओळख करून दिली आणि पणजोबांचं पदक माझ्या हातात ठेवलं. दर रविवारी राखेने घासून घासून त्यावरच्या राणीचं नाक पार गेलं होतं. तेवढ्यात आतून मुलगी आली, पोह्यांची बशी पुढे केली आणि हसली. झालं! माझ्यापुरतं लग्न तिथेच लागलं. बशी घ्यायला मी उठून दोन्ही हात पुढे केले.

"पदक खंय असा?" थोड्या वेळाने सासऱ्यांनी विचारलं.

"तुम्हाला दिलं की!" मी छातीठोकपणे म्हणालो. माझ्या चुका नेहमी अशाच आत्मविश्वासाने होतात.

शोधाशोध झाली. मग दार लागलं. "कोणी खंय हलाचा नाय," म्हणत सासऱ्यांनी बरणी काढली.

"पावण्यांका तांदूळ चावूक लावतास?" सासूबाई कळवळल्या. "लाज नाय वाटणा तुमका?"

"पणजोन स्वतःच्या झिलाक सोडल्यान नाय. पावणे खंयचे?"

सगळ्यांनी चावले. मामाचे तांदूळ खिरीसारखे निघाले. अर्धे तर त्याने गिळलेच. माझे मात्र नुकतेच गिरणीतून दळून आणल्यासारखे, पांढरेफेक, कोरडे ठणठणीत. कुणी शिंकलं असतं तर उडाले असते. शेजारच्या टीव्हीवर सिनेमातली नायिका इतका वेळ रडत होती, तीही गप्प झाली. "बोल ना रे!" मामा दात आवळून म्हणाला. बोलणार कशाने? जीभ टाळूला चिकटलेली. मुलगी स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे बघत होती, आणि आपण हिला गमावलं एवढंच मला कळत होतं.

सासरे त्या कागदाकडे खूप वेळ बघत राहिले. चष्मा काढून पुसला. मी मनातल्या मनात जिना उतरू लागलो.

"झिलाक पाणी दी," ते माझ्याकडे बोट करून मुलीला म्हणाले. मी पेला रिकामा करेपर्यंत थांबले आणि मग मामाला म्हणाले, "आमचो होकार. चेडवाक काय तां इचारा."

मुलगी माझ्या पिठाळलेल्या मिशीकडे बघत म्हणाली, "माझी ना नाही. पण त्यांना आधी तोंड धुवायला सांगा."

नमस्कार करायला मी ताडकन उठलो, आणि माझ्या बुडाखालून पदक खणकन फरशीवर पडलं. बशी घेताना ते मी खाटेवर ठेवलं होतं आणि मग त्याच्यावरच बूड टेकलं होतं. मामाने कपाळावर हात मारला, सासूबाईंना हसू आवरेना. सासरे तेवढे हसले नाहीत. त्यांनी पदक उचलून सदऱ्याला पुसलं.

पण होकार तर पदक सापडायच्या आधीच दिला होता! बायको म्हणते, बाबांना दया आली. मला खरं कळलं ते बऱ्याच वर्षांनी, त्यांच्या ऑपरेशनच्या दिवशी. सकाळपासून पाण्याचा थेंबही द्यायचा नव्हता.

"जावयबापू, आज माका तांदूळ देव नकात हां," ते म्हणाले. "कोरडे येतले."

मी हसलो आणि धीर करून विचारलंच. तेव्हा त्यांनी उंट वगळून सगळं सांगितलं. गावच्या देवीचा चांदीचा मुखवटा नाहीसा झाला होता. पणजोबांनी गावातल्या सगळ्या तरुणांना देवळासमोर बसवलं, आणि कोरडे तांदूळ निघाले त्यांच्या स्वतःच्या मुलाचे. पाटलाचा मुलगा म्हणून त्यांनी सोडला नाही, गावादेखत हाकलला. तो बोटीने मुंबईला आला आणि गिरणीत लागला. पुढे मुखवटा सापडला गुरवाच्याच घरी. घासायला म्हणून नेलेला, सांभाळून तांदळाच्या कणगीत ठेवलेला आणि विसरलेला. पणजोबांनी त्याच दिवशी पाटीलकी सोडली.

"मुलगा परत गेला?"

"नाय. तोच माझो आजो. पणजो माफी मागूक येवक नाय. येणाऱ्या माणसाच्या हाती पदक तेवढा धाडल्यान." त्यांनी सुकल्या ओठांवरून जीभ फिरवली. "भियालेल्या माणसाचा तोंड सुकता रे. आज्याक तेवा कोणी पाणी देवक नाय."

"मग बाबा, तेच तांदूळ आम्हाला कशाला चावायला लावलेत?"

"तांदूळ पणजोचे," ते म्हणाले. "पाणी माझा."

नर्सने परवानगी दिली तेवढ्या ओल्या कापसाने मी त्यांचे ओठ पुसले. ऑपरेशन नीट झालं. त्यानंतर दोनेक वर्षं त्यांनी गस्त घातली, मग ती थांबली.

पदक आता आमच्याकडे आहे. पाहुणे आले की मी ते दाखवतो, उंटासकट. परवा असेच पाहुणे बसलेले आणि पदक कुठे दिसेना. "तुम्हाला दिलं की!" मी त्यांना छातीठोकपणे सांगत होतो. बायको उठली. आत गेली, पेलाभर पाणी आणून माझ्या हातात दिलं, मी ते पिईपर्यंत थांबली, आणि मग हळूच म्हणाली, "अहो, आता उठा."